किल्ली कपाटातच राहिली तर

उबुंटूचं अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट केलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं गोठून बसली. शेवटी 'कर्नल पॅनिक' आणि त्याबरोबर कारण: रूट फाइल सिस्टिम माउंट करता आली नाही, 'अननोन-ब्लॉक (0,0)'. या दोन आकड्यांनी डिस्कची ओळख पटायची असते. दोन्ही शून्य, म्हणजे कर्नलला आपली डिस्कच ओळखता आलेली नाही. फोटो, फायली, प्रोग्रॅम बहुधा जागच्या जागी शाबूत असतात. तिथवर पोहोचायची वाट तेवढी बंद झालेली असते.

मुळात ही वाट रोज उघडते, हेच मला विलक्षण वाटतं. डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो आणि ड्रायव्हर असतो डिस्कवरच. कपाटाची किल्ली कपाटात! लिनक्सने यावर काढलेला तोडगा म्हणजे इनिटरॅमएफएस. ग्रब हा बूटलोडर फर्मवेअरच्या मदतीने दोन फायली मेमरीत आणतो: एक कर्नल आणि दुसरी ही. कर्नल दुसरी फाइल उलगडतो आणि रॅममध्ये एक चिमुकलं, पण पुरेपूर चालणारं लिनक्स उभं राहतं. ते ड्रायव्हर चढवतं, खरी डिस्क शोधतं, ती एन्क्रिप्टेड असेल तर पासवर्ड विचारतं, सूत्रं तिच्या हाती देतं आणि व्यापलेली मेमरी मोकळी करून निघून जातं. मशीन सुरू होताना दर वेळी हे घडतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता बिघाड कुठे होतो ते बघा. बूटचं पार्टिशन वेगळं असेल तर ते बऱ्याचदा काहीशे एमबीचंच असतं. जुन्या कर्नलांनी ते भरलं, की नवा कर्नल कसाबसा मावतो, पण त्याचं इनिटरॅमएफएस तयार होत नाही. कर्नल एकटाच जागा होतो आणि डिस्क शोधत अडकतो.

सुदैवाने अपडेट जुन्या कर्नलवर नवा लिहीत नाही, त्याच्या शेजारी ठेवतं. फेडोरा तर एरवी तीन कर्नल जपून ठेवतं. सुरू होताना एस्केप किंवा जुन्या बायॉसवर शिफ्ट दाबलं, की ग्रबचा मेनू दिसतो. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडायचा. बहुतेकांचं काम इथेच होतं.

तोही चालला नाही, तर लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करायचं. आजारी डिस्क माउंट करायची (बूटचं पार्टिशन वेगळं असेल तर तेही), त्यावर चालू सिस्टिमचे डेव्ह, प्रॉक आणि सिस हे फोल्डर जोडायचे आणि 'सीएचरूट' ही आज्ञा द्यायची. ही सोय 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही होती! त्या क्षणापासून कर्नल यूएसबीचा चालतो, पण प्रोग्रॅम, सेटिंग्ज, पॅकेजांची यादी सगळं आजारी मशीनचं. जे मशीन स्वतः उठू शकत नाही, त्याच्याच हत्यारांनी त्याची दुरुस्ती आतून करता येते. याहून सुंदर युक्ती मला तरी ठाऊक नाही.

आत गेल्यावर आधी नको असलेले जुने कर्नल काढायचे, मग 'अपडेट-इनिटरॅमएफएस' आणि 'अपडेट-ग्रब' चालवायचं. क्रम उलटा केलात तर इनिटरॅमएफएस पुन्हा जागेअभावी अर्धवट राहील.