शाईतल्या खोड्या

आपल्याकडे गाणं गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या कानात उतरतं. युरोपातल्या अभिजात संगीताने कागद धरला आणि पोटभर गमती करून ठेवल्या.

सुरुवात ११व्या शतकात, इटलीत. अरेत्झोच्या ग्वीदो या मठवासी गुरुजींपुढे अडचण अशी, की पोरांची स्तोत्रं पाठ होता होता वर्षं सरायची. त्यांनी सूर आडव्या रेघांवर नीट बसवले आणि एक लॅटिन स्तोत्र हाताशी घेतलं. त्याची प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा एक सूर वर चढून सुरू होते. ओळींची पहिली अक्षरं उचलली: उत, रे, मी, फा, सोल, ला. ‘उत’चा ‘डो’ पुढे झाला, सातवा ‘सी’ही मागाहून आला. हेच सोल्फा पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या चर्चशाळांत पोचलं आणि तिथे शिकलेली पोरं मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात. चाल शंकर-जयकिशनची, पण ताफ्यातल्या कुणी कधी काय वाजवायचं ते सेबॅस्टियन डिसोझांच्या कागदावर!

कागद म्हटला की तो दडवणारेही आले. रोमच्या सिस्टीन चॅपलमध्ये अलेग्रीचं ‘मिझेरेरे’ गायलं जायचं आणि त्याची प्रत बाहेर नेण्यावर कडक बंदी असल्याचा बोलबाला होता. १७७० मध्ये १४ वर्षांचा मोत्सार्ट ते ऐकून आला आणि आठवणीतून लिहून मोकळा झाला. तशा एकदोन प्रती बाहेर फुटल्या होत्याच म्हणा, पण बापाने पत्रातून घरी फुशारकी मारायची ती मारलीच. शिक्षा? छे. त्याच वर्षी पोपने पोराला मानाचा किताब दिला.

बाखने तर स्वतःचं नावच सुरांत लिहिलं. जर्मन पद्धतीत कोमल ‘नी’ला बी म्हणतात आणि शुद्ध ‘नी’ला एच (‘सी’ला सा धरलं तर), त्यामुळे बी-ए-सी-एच ही चार अक्षरं थेट वाजवता येतात.

मालकाकडे रजा कशी मागावी, हे मात्र हायडनकडून शिकावं. १७७२. राजपुत्र एस्टरहाझीचा मुक्काम उन्हाळी महालातून हलेना आणि वादकांची कुटुंबं तिकडे आयझेनश्टाटला. तोंड उघडायची सोय नाही. हायडनने ४५वी सिंफनी लिहिली आणि शेवटच्या भागात वादकांना एकेक करून उठवलं. आपला तुकडा संपला की समोरची मेणबत्ती विझवायची आणि चालू पडायचं. शेवटी उरली दोन व्हायोलिनं, तीही सूर दाबून. दुसऱ्याच दिवशी बिऱ्हाड हललं, असं सांगतात. युनियनवाल्यांनी ही सिंफनी जरूर ऐकावी.

बेथोव्हेनला असला नाजूकपणा मानवणारा नव्हता. तिसरी सिंफनी त्याने नेपोलियनच्या नावावर केली होती. १८०४ मध्ये गडी सम्राट झाल्याचं कळताच नाव असं खरवडलं, की मुखपृष्ठाला भोक पडलं. ते भोक व्हिएन्नात जपून ठेवलंय.

एरिक सातीने जेमतेम एका पानाचा तुकडा लिहिला आणि वर शेरा मारला: हे ८४० वेळा वाजवायचं असेल तर आधी शांत बसून तयारी करावी. चेष्टा की काय, कोण जाणे. जॉन केजने ती खरी मानली आणि १९६३ मध्ये न्यूयॉर्कला पियानोवादकांच्या पाळ्या लावून तो अख्खा वाजवून घेतला. अठरा तासांहून जास्त!

याच केजने ऑर्गनसाठी आठ पानं लिहून ठेवली, सूचना एवढीच, की शक्य तितकं सावकाश वाजवा. जर्मनीतल्या हाल्बरश्टाटकरांनी ती फारच मनावर घेतली. त्या गावात १३६१ मध्ये मोठा ऑर्गन बसला होता. तिथून २००० पर्यंत ६३९ वर्षं होतात, म्हणून मैफलही ६३९ वर्षांची. ती २००१ मध्ये सुरू झाली ती विरामानेच, त्यामुळे पहिला सूर २००३ मध्ये कानी पडला. पट्ट्यांवर वाळूच्या पिशव्या ठेवून सूर वर्षानुवर्षं धरलेला असतो आणि तो बदलायचा दिवस आला की दुरून लोक गर्दी करतात. समाप्ती २६४० मध्ये.