औंढ्याला यंदा कोणाला न्याल?

महाशिवरात्र जवळ आली की झरीच्या लोकांना औंढ्याची आठवण होते. पिशवीत बेलाची पाने, फडक्यात उपासाचे काही आणि जिंतूरकडे जाणारी एस.टी. जिंतूरला गाडी बदलली की पुढे औंढा नागनाथ. औंढा पूर्वी आपल्याच परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेले. वाट मात्र तीच राहिली.

पण वाचकहो, निघताना एकदा मागे वळून बघा. ज्वारी काढणीला आलेली असते, हरभऱ्याची घाई असते, दावणीला जनावरे असतात. घरातले कोणीतरी मागे राहतेच. कुठे सून, कुठे गुडघे धरलेली म्हातारी, कुठे सालगडी. आणि बहुतेक घरी दरवर्षी तेच माणूस राहते. “देवाला माझा नमस्कार सांगा,” एवढीच त्याची यात्रा.

या देवळाशी जोडलेली कथा नेमकी अशाच माणसाची आहे. संत नामदेव, जातीने शिंपी, देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. पूजेला अडथळा होतो म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना मागे जायला सांगितले. नामदेव वाद न घालता मागे गेले आणि तिथेच कीर्तन सुरू केले. तेव्हा देऊळच फिरले आणि देवाने त्यांच्याकडे तोंड केले, असे सांगतात. एरवी नंदी महादेवाच्या समोर बसलेला असतो. इथे तो देवळाच्या मागे आहे, आणि भाविक त्याचे कारण हेच सांगतात. दर्शन झाले की लगेच गाडीकडे धावू नका. मागे जाऊन नंदीजवळ घटकाभर बसा.

दुसरी कथाही इथलीच. गोरोबाकाकांनी नामदेवांना कच्चे मडके ठरवले, तेव्हा ते गुरूच्या शोधात औंढ्याला आले. पाहतात तो विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंड दिसू लागली. मग गोठ्यात, बांधावर, चुलीपुढे देव नाही असे कोण म्हणेल?

आता देवळाविषयी. बारा ज्योतिर्लिंगांत भाविक याची गणना करतात. पांडवांनी ते बांधले अशी श्रद्धा आहे. आज दिसणारे खालचे दगडी काम यादवकाळातले, हेमाडपंती धाटणीचे आहे. हत्तींच्या रांगा, देवदेवता, नर्तकी असे काय काय त्या काळ्या दगडात कोरले आहे. वरचा भाग नंतरचा, विटा-चुन्याचा. हा फरक मुलांना दाखवा. मूर्तींना तेल-शेंदूर लावू नका, नारळ ठरवलेल्या जागीच फोडा. सातशे वर्षे टिकलेला दगड आपल्या हातून खराब होऊ नये.

पिंड तळघरात आहे. पायऱ्या अरुंद, जागा ठेंगणी. त्यामुळे म्हातारी माणसे किंवा दम लागणारी माणसे यांना शिवरात्रीच्या किंवा श्रावणी सोमवारच्या गर्दीत नेऊ नका. आडवार बघा, सावकाश न्या. ज्यांना उतरवत नाही त्यांनी वरूनच हात जोडावेत. विसोबांची कथा त्यांच्यासाठीच आहे. सवड असेल तर हिंगोलीजवळचे नरसीही करा. नामदेवांचे गाव म्हणून ते प्रसिद्ध आहे. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, म्हणून पंजाबचे भाविकही तिथे येतात. मागे पाठवलेल्या शिंप्याचा शब्द केवढ्या लांब गेला पाहा!

म्हणून यंदा एवढे करा. जे माणूस दरवर्षी मागे राहते, त्याला पुढे पाठवा. एक दिवस गोठा तुम्ही सांभाळा, धार तुम्ही काढा, ज्वारी तुम्ही राखा. देवाने एका माणसासाठी देऊळ फिरवले म्हणतात. आपल्याला तर फक्त पाळी फिरवायची आहे.