सी-टेनचं शेपूट खाली आणताना : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

1967 ते 1972 या काळातली शेव्हरोले सी-टेन पिकअप अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींची फार लाडकी आहे. कारखान्यातून ती बाहेर पडायची तेव्हा मागून चांगलीच उचललेली असायची. तो मागचा भाग चार-पाच इंच खाली बसवला की तिच्या लांब, सरळ रेषा खुलून दिसतात. हे काम नीट केलेली गाडी पाहायलाही सुंदर दिसते आणि चालवायलाही छान असते. पण या कामाविषयी बरंच चुकीचं बोललं जातं, आणि त्यातल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. लोक जमिनीपासून गाडीची उंची मोजतात. मोजायची असते ती ॲक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये उरलेली जागा.

“मागची बाजू उंच ठेवणं हा कंपनीच्या डिझाइनचा दोष होता.”

तो दोष नव्हता. ही माल वाहणारी गाडी. हौद भरला की स्प्रिंगा दबतात आणि मागचा भाग खाली बसून गाडी समपातळीत येते. रिकामेपणी दिसणारी उंची म्हणजे मालासाठी राखून ठेवलेला स्प्रिंगचा प्रवास. म्हणूनच अशा गाड्यांमध्ये मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त खाली घेतात. “फोर-सिक्स ड्रॉप” म्हणतात तो हाच : पुढून 4 इंच, मागून 6. दोन्हीकडे सारखीच उंची कमी केली तर शेपूट वरचं वरच राहतं.

“जुन्या पिकअपला मागे कमानपाटेच असतात.”

इथे चुकून बरेच जण भलतंच सामान मागवतात. 1960 ते 1972 च्या बहुतेक सी-टेनना मागे कॉइल स्प्रिंगा आणि दोन लांब ट्रेलिंग आर्म असत. 1967 ते 1972 च्या जीएमसी पिकअप दिसायला जवळजवळ तशाच, पण त्यांच्या मागे बहुधा कमानपाटे. 1973 पासून शेव्हरोलेनेही पाटेच घेतले. त्यामुळे नावावर आणि सालावर न जाता गाडीखाली वाकून पाहावं. त्या ट्रेलिंग आर्मची थोरवीही सांगायला हवी. नॅस्कारच्या मुख्य कप मालिकेतल्या गाड्यांनी हीच पद्धत उचलली आणि 2022 मध्ये नवी पिढी येईपर्यंत ती टिकवली. ट्रकची मागची बाजू म्हणजे बैलगाडीचा सांगाडा, असं समजणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

“स्प्रिंग कापली किंवा गॅसवर तापवली की काम झालं.”

कापणं आणि तापवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तापवणं तर सरळसरळ चूक. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात ठरावीक तापमानाचं पाणी दिलेलं असतं. गॅसच्या ज्योतीखाली ते लालबुंद झालं की तेवढ्या जागेचं पाणी उतरतं. स्प्रिंग बसते खरी, पण दोन्ही बाजू सारख्या बसत नाहीत, आणि बसलेली पुढेही बसतच राहते.

कापलेल्या स्प्रिंगचं गणित निराळं. काम करणारे वेढे जितके कमी, तितकी स्प्रिंग कडक : 10 वेढ्यांचे 8 केले तर कडकपणा सव्वापट होतो. उरलेला प्रवास कमी असताना थोडा जास्त कडकपणा हवाच असतो, म्हणून कापणं तत्त्वतः वेडेपणाचं नाही. सी-टेनमध्ये ते फसतं वेगळ्याच कारणाने. तिच्या मागच्या स्प्रिंगचं टोक बैठकीत बोल्ट आणि क्लॅम्पने आवळलेलं असतं. टोकच कापून टाकलं तर क्लॅम्पने धरायचं काय? खड्ड्यात चाक लोंबकळलं की अशी स्प्रिंग जागेवरून हलू शकते. त्यापेक्षा हव्या त्या उंचीसाठी तयार केलेल्या स्प्रिंगांची जोडी घ्यावी. त्यात काटकसर करू नये.

“पाट्यांच्या गाडीत गुटका घातला की ती खाली बसते.”

हे ॲक्सल कुठे आहे त्यावर ठरतं. ॲक्सल पाट्याच्या वर असेल तर दोघांमध्ये घातलेला गुटका गाडी खाली आणतो. ॲक्सल पाट्याच्या खाली असेल तर तोच गुटका ती आणखी वर उचलतो! अशा गाडीसाठी फ्लिप किट असतं. त्यात ॲक्सल पाट्याच्या खालून काढून वर बसवतात. 1973 नंतरच्या सी-टेन या पद्धतीने एका झटक्यात पाच-सहा इंच खाली येतात. तिथे ॲक्सल पाट्याला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्यायचे, कारण एकदा आवळून ताणलेले जुने बोल्ट पुन्हा भरवशाचे राहत नाहीत. आणि गुटक्यावर गुटका कधीच चढवू नये. ब्रेक लावताना आणि वेग घेताना ॲक्सल पिळला जातो. थर जितका उंच, तितका तो पीळ पाट्यांना अधिक मुरडतो.

“खाली बसवलेली गाडी म्हणजे दणके बसणारच.”

हा गैरसमज सर्वांत पक्का, आणि कारण न शोधता मान्य केलेला. समजा, रिकामी गाडी उभी असताना ॲक्सल आणि बंपस्टॉपचं रबर यांच्यात 5 इंच अंतर आहे. तुम्ही 4 इंच खाली घेतलीत, म्हणजे उरला 1. मग साध्या गतिरोधकावरही ॲक्सल रबरावर आदळतो. बसतो तो दणका बंपस्टॉपचा, पण दोष स्प्रिंगला दिला जातो. शॉकॲब्सॉर्बर जुन्याच लांबीचे ठेवले तर तेही दबून तळाला टेकतात आणि आतून फुटतात.

उपाय म्हणजे सी-नॉच. ॲक्सलच्या बरोबर वर चेसिसच्या खालच्या कडेला अर्धगोल खाच घेतात आणि जाड पोलादी पट्टीने ती मजबूत करतात. त्यातून ॲक्सलला वर जायला दोन-तीन इंच परत मिळतात. इथे मात्र माझा आग्रह आहे : चेसिस ही वाकण्याला विरोध करणारी तुळई आहे आणि तिच्या वरच्या-खालच्या कडाच बहुतेक ताण झेलतात. खालची कड कापून पट्टी न लावणं किंवा पातळ पट्टी लावणं म्हणजे भरल्या हौदाचं वजन तुटक्या हाडावर ठेवणं. कापण्याआधी खाचेच्या पुढे आणि मागे चेसिसला स्टँड द्यावेत. एक बाजू कापून, पट्टी पूर्ण बसवून मगच दुसरी बाजू हाती घ्यावी. चेसिसच्या आतून जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या आणि वायरी आधी बाजूला बांधून घ्याव्यात. ग्राइंडरची चकती त्यांना ओळखत नाही.

“उंची बदलली, बाकी सगळं तसंच राहिलं.”

बाकी बरंच हलतं. सी-टेनचा ॲक्सल ट्रेलिंग आर्मला घट्ट आवळलेला असतो. आर्म पुढच्या टोकाभोवती वर फिरला की पिनियनचं नाक, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडलेलं ॲक्सलचं टोक, खाली झुकतं. आर्म चार फुटांचा धरला तर 4 इंचांना हा फरक जवळजवळ 5 अंशांचा होतो. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन एकमेकांना जुळेनासे झाले की ठरावीक वेगाला गाडी थरथरू लागते. मग लोक चाकं बॅलन्स करून घेतात, टायर बदलतात, सेंटर बेअरिंग बदलतात. खरं तर ॲक्सलखाली योग्य अंशाची पाचर बसवली की थरथर जाते. कोन मोजायला साधा अँगल गेज पुरतो, फक्त गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असली पाहिजे. जॅकवर टांगलेल्या गाडीचं माप फसवं असतं.

दुसरा भाग पॅनहार्ड रॉडचा, म्हणजे ॲक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याचा. याचं एक टोक चेसिसला आणि दुसरं ॲक्सलला, म्हणजे ॲक्सल वर जाताना सरळ न जाता कमानीत जातो. 20 इंचांचा आडवा रॉड 4 इंच चढला तर टोक सुमारे 10 मिलिमीटर आत ओढलं जातं. एका बाजूचं चाक मडगार्डला घासतं आणि दुसरीकडे बोट घालायला जागा राहते. कंपनीचा रॉड आखूड असल्यामुळे हे जास्तच जाणवतं. लांब आणि कमी-जास्त करता येणारा रॉड लावला की ॲक्सल मधोमध येतो.

“गाडी खाली घेतली की रस्ता आपोआप चांगला धरते.”

अर्धंच खरं. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर एका बाजूच्या चाकांवर सरकणारं वजन कमी होतं, हे पक्कं. पण वळणाच्या मध्यावर ॲक्सल बंपस्टॉपला टेकला तर त्या चाकावरचा भार एकदम वाढतो आणि मागची बाजू सटकते. म्हणजे पुन्हा प्रश्न उरलेल्या जागेचाच.

“कायदा कुठे आड येतो?”

कॅलिफोर्नियात 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून चेसिसचा किंवा बॉडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली आणायला बंदी होती. लोरायडर, म्हणजे खाली बसवलेल्या गाड्यांच्या हौशी मंडळींच्या अनेक वर्षांच्या मागणीनंतर 1 जानेवारी 2024 पासून ती उठली. तरीही रिमची रेषा पाळावी, कारण टायर बसला तर रिमच्या खाली गेलेला भागच रस्त्यावर घासतो. आपल्याकडे गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाला छेद देणारे फेरफार करता येत नाहीत. तेव्हा पुण्या-मुंबईत कुणी जुनी पिकअप बसवायला निघालं असेल तर आधी आरटीओत चौकशी करावी, मग पाना हातात घ्यावा.

काम उरकल्यावर हौदात नेहमीचा माल किंवा वाळूची पोती ठेवून ॲक्सल आणि बंपस्टॉप यांच्यातलं अंतर पुन्हा मोजावं. दोन इंचांपेक्षा कमी भरलं तर तेवढा माल या गाडीतून न्यायचा नाही, नाहीतर स्प्रिंगांच्या मदतीला हवा भरलेल्या सस्पेन्शनच्या एअरबॅग बसवायच्या.