विदारण, निचरा आणि माती : ठाणे–कल्याण–डोंबिवली परिसरातील धातुके व मृत्तिका खनिजे

प्रस्तावना

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही नावे उच्चारताच दाट लोकवस्ती, उपनगरी रेल्वे आणि औद्योगिक वसाहत यांचे चित्र डोळ्यांसमोर येते. या परिसराचा खनिजांच्या अंगाने विचार सहसा होत नाही. तथापि डोंबिवली पश्चिमेस ‘कुंभारखाणपाडा’ नावाची वस्ती आहे आणि त्या एका नावात कुंभार व खाण हे दोन्ही शब्द सामावले आहेत. येथील डोंगर आणि खाजणे यांकडे त्या दृष्टीने पाहणे अभ्यासकाला लाभदायक ठरेल.

ज्या खनिजद्रव्यातून धातू किफायतशीरपणे काढता येतो त्यास धातुक म्हणतात. मृत्तिका खनिजे म्हणजे सामान्यतः दोन मायक्रोमीटरहून लहान कणांची, पापुद्र्यांसारखी रचना असलेली जलयुक्त ॲल्युमिनियम सिलिकेटे होत. पाठ्यपुस्तकांत हे दोन विषय स्वतंत्र प्रकरणांत येतात. आपल्या परिसरात मात्र ॲल्युमिनियमचे धातुक आणि काळी चिकण माती ही दोन्ही एकाच खडकाची अपत्ये आहेत, आणि त्यांतील भेद प्रामुख्याने पाण्याच्या निचऱ्याने ठरतो. हे प्रतिपादन स्पष्ट करणे व त्याचे व्यावहारिक परिणाम मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मूळ खडक आणि विदारण

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या लाव्हाच्या उद्रेकांतून दख्खनचे पठार घडले. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र या बेसाल्टने व्यापले आहे. पारसिकचा डोंगर, मलंगगड व माहुली हे त्याचेच अवशेष होत. बेसाल्टमध्ये सिलिका सुमारे ४८ ते ५० टक्के, तर ॲल्युमिना सुमारे १४ टक्के असते. लोहाची ऑक्साइडेही जवळपास तेवढीच असतात.

पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्लधर्मी बनते आणि खडकातील फेल्डस्पार व पायरोक्सीन यांचे विघटन करते. प्रथम सोडियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळून जातात. त्यानंतर सावकाश सिलिका जाते. ॲल्युमिनियम व लोह मात्र सामान्य परिस्थितीत जवळजवळ अविद्राव्य असल्याने मागे उरतात. या क्रियेची पहिली अवस्था म्हणजे आपल्या परिचयाचा मुरूम. पुढील अवस्था कोणती, हे पाणी किती वेगाने निघून जाते यावर अवलंबून असते.

डोंगरमाथा : जांभा व बॉक्साइट

उंच सपाट माथ्यावर पाऊस भरपूर पडतो आणि पाणी भेगांतून खाली झिरपून जाते. प्रत्येक पावसाळ्यात सिलिकेचा काही अंश निघून जातो. लोह व ॲल्युमिनियम यांचे प्रमाण वाढत जाऊन जांभा तयार होतो. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांतात मलबारातील अंगाडिपुरम येथील या दगडास ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. ‘लेटर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ वीट असा आहे. खाणीत मऊ असलेला आणि हवेत कठीण होणारा हा दगड कोकणात चिऱ्यांच्या रूपाने घराघरांत वापरला गेला.

निचरा अधिक प्रभावी असेल तर लोहाचाही काही भाग निघून जातो व गिब्साइटयुक्त बॉक्साइट उरते. बेसाल्टमधील १४ टक्के ॲल्युमिना ४५ टक्क्यांपर्यंत न्यायचे, तर ते तिपटीहून अधिक संहत व्हावे लागते. म्हणजे ढोबळमानाने मूळ खडकाच्या दोन-तृतीयांशाहून अधिक द्रव्य वाहून जावे लागते. थोडक्यात, हे धातुक बाहेरून आलेल्या द्रव्याने घडत नाही. इतर द्रव्य निघून गेल्यावर उरते ते धातुक होय.

माथेरानच्या सुमारे ८०० मीटर उंचीच्या पठारावर जांभ्याचे आच्छादन आहे. वसईजवळच्या तुंगार डोंगरावर बॉक्साइटची नोंद असून तो भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. राज्यातील महत्त्वाचे साठे कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात व कोकणात आहेत. बायर पद्धतीने सुमारे चार टन बॉक्साइटपासून दोन टन ॲल्युमिना आणि त्यापासून एक टन ॲल्युमिनियम मिळते.

सखल भाग : काळी चिकण माती

उल्हास नदीचे खोरे आणि ठाण्याची खाडी येथे परिस्थिती नेमकी उलट आहे. पाणी साचून राहते, वरून विरघळून आलेली सिलिका व मॅग्नेशियम येथे उपलब्ध असतात आणि स्मेक्टाइट गटातील माँटमोरिलोनाइट हे खनिज तयार होते. डोंगरउतारांवर तयार झालेली मृत्तिकाही नदी येथेच आणून टाकते.

या खनिजांची रचना हिशेबाच्या वहीसारखी वाचता येते. स्मेक्टाइटमध्ये ॲल्युमिनाच्या एका पत्रकामागे सिलिकेची दोन पत्रके असतात, केओलिनाइटमध्ये एक, तर गिब्साइटमध्ये एकही नसते. सिलिका जसजशी निघून जाते, तसतसे खनिज या क्रमाने पुढे सरकते. मध्यम निचऱ्याच्या उतारांवर केओलिनाइट आढळण्याचे कारणही हेच.

उपयोग आणि मर्यादा

स्मेक्टाइटच्या थरांमध्ये पाणी शिरते, त्यामुळे ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. विटांसाठी ती एकटी वापरल्यास वाळताना तडे जातात; म्हणून भट्टीवाले तीत भाताचे तूस व राख मिसळतात. कल्याण-भिवंडी पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर पावसाळ्यानंतर उचल घेऊन राबणारी कातकरी कुटुंबे या खनिजाशी सर्वाधिक जवळचा संबंध असलेला समाज आहे; मातीच्या अर्थकारणाचा विचार त्यांना वगळून होऊ शकत नाही.

विटांसाठी खणली जाते ती बहुधा शेताची वरची माती. ती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. हे उत्खनन रोखण्याच्या हेतूने केंद्र शासनाने १४ सप्टेंबर १९९९ रोजी अधिसूचना काढून औष्णिक वीजकेंद्रांच्या ५० किलोमीटर परिसरातील वीटनिर्मितीत राखेचा वापर बंधनकारक केला. पुढे ही मर्यादा वाढवण्यात आली.

बांधकामाच्या दृष्टीने खाडीकाठची मऊ मृत्तिका अधिक गंभीर प्रश्न उभा करते. भाराखाली तिच्यातील पाणी अत्यंत सावकाश बाहेर पडते व जमीन वर्षानुवर्षे खचत राहते. भराव टाकून सपाट केलेले खाजण वरून मुरमाडच दिसते. खालची मृत्तिका तशीच असते. म्हणून मोठ्या इमारतींचा पाया खोल खांबांद्वारे खडकापर्यंत नेला जातो. ही दक्षता न घेतल्यास असमान खचण्यामुळे भिंतींना तडे जातात.

तिसरा मुद्दा प्रदूषणाचा आहे. एक ग्रॅम स्मेक्टाइटचे एकूण पृष्ठफळ ७०० ते ८०० चौरस मीटरपर्यंत असू शकते. ऋणभारित पापुद्र्यांमुळे ते धातूंचे आयन धरून ठेवते. औद्योगिक सांडपाण्यातील जड धातू यामुळेच खाडीच्या गाळात साठतात. गाळ उपसला किंवा आम्लता बदलली, की तेच धातू पुन्हा पाण्यात येऊ शकतात. २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळालेल्या ठाणे खाडीच्या संदर्भात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

निष्कर्ष

१. ठाणे–कल्याण परिसरातील जांभा, बॉक्साइट व चिकण माती ही एकाच बेसाल्टची, निचऱ्यातील फरकामुळे घडलेली भिन्न रूपे आहेत.

२. ज्या गुणधर्मामुळे काळी माती ओलावा व पोषकद्रव्ये धरून ठेवते, त्याच गुणधर्मामुळे ती पाया अस्थिर करते आणि प्रदूषकेही साठवते.

३. निचऱ्याची वाट बदलली की माती घडण्याची दिशाही बदलते; म्हणून खाजणे बुजवण्याचा निर्णय केवळ जागेच्या उपलब्धतेवर घेता येणार नाही.

बांधकामासाठी पाया खोदला जातो तेव्हा भराव, मृत्तिका, मुरूम आणि खडक हा क्रम काही दिवस उघडा असतो. नंतर तो कायमचा झाकला जातो. भूगोल, रसायनशास्त्र व इतिहास विभागांनी एकत्रितपणे विद्यार्थ्यांकडून अशा छेदांची व जुन्या माती-खाणींच्या स्थानांची नोंद करून घेतल्यास महाविद्यालयाकडे या परिसराचा एक मोलाचा दस्तऐवज तयार होईल.