पाठ झालेला पेपर, न कळलेला राउटर

एका राउटरकडे १०.१.१.५ या पत्त्यावर जाणारं पॅकेट आलं आहे. त्याच्या राउटिंग टेबलमध्ये दोन वाटा दिसतात. एक १०.१.०.०/१६ ची, ईआयजीआरपी या प्रोटोकॉलकडून कळलेली. दुसरी १०.१.१.०/२४ ची, ओएसपीएफकडून आलेली. पॅकेट कुठल्या वाटेने जाईल?

सीसीएनएची तयारी करणारी पुष्कळ मुलं इथे हमखास फसतात. ईआयजीआरपीचा विश्वासार्हतेचा आकडा ९०, ओएसपीएफचा ११०, आणि जितका आकडा कमी तितका भरवसा जास्त, हे त्यांनी घोकलेलं असतं. म्हणून ईआयजीआरपीवर टिचकी पडते आणि उत्तर चुकतं. राउटर आधी पाहतो ती कोणती वाट पत्त्याशी जास्त नेमकी जुळते ते. गठ्ठ्यांवर एकीकडे नुसतं ‘पुणे’ आणि दुसरीकडे ‘सदाशिव पेठ, पुणे’ लिहिलेलं असेल, तर सदाशिव पेठेतलं पत्र दुसऱ्याच गठ्ठ्यात पडणार, तसंच हे. /२४ ही वाट /१६ पेक्षा नेमकी, म्हणून ओएसपीएफ. ९० आणि ११० यांची तुलना होते ती एकाच नेटवर्कची खबर दोघांनी आणली तरच.

असा एक प्रश्न चुकला आणि का चुकला हे समजून घेतलं, तर पुस्तकातली दहा पानं पुन्हा वाचण्याइतकं काम होतं. सराव परीक्षेचा खरा उपयोग हा. तिच्याकडे पाहण्याची रीत मात्र बहुतेकांची वेगळी असते.

सिस्को कंपनीने १९९८ साली सुरू केलेलं सीसीएनए हे नेटवर्किंगच्या नोकरीत शिरू पाहणाऱ्यांचं ओळखीचं प्रमाणपत्र. सध्याचा पेपर २००-३०१ या क्रमांकाचा, वेळ १२० मिनिटं, शुल्क ३०० डॉलर. म्हणजे आपल्याकडे पंचवीस हजार रुपयांच्या पुढे. प्रमाणपत्र टिकतं ३ वर्षं. इतके पैसे एका बैठकीवर लावायचे म्हटल्यावर ‘आधी घरी पेपर सोडवून पाहू’ हे कोणालाही सुचतं. दहावीला ‘एकवीस अपेक्षित’ सोडवून आणि शाळेची प्रिलिम देऊन मोठ्या झालेल्या मराठी मुलाला तर ते सांगावंही लागत नाही.

याला शास्त्राचा आधारही आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रं नुसता वाचला. दुसऱ्याने एक सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं न पाहता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के मजकूर आठवत होता, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती.

या प्रयोगातली एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. त्या विद्यार्थ्यांपुढे कोरा कागद होता. चार पर्याय नव्हते. पर्याय समोर असले की डोकं आठवत नाही, ओळखतं. ‘हे कुठेतरी पाहिलंय’ एवढ्यावर काम भागतं. म्हणून पर्यायांवर हात ठेवून आधी उत्तर मनाशी ठरवायचं आणि मगच हात काढायचा, ही साधी युक्ती महागड्या प्रश्नसंचापेक्षा जास्त उपयोगी पडते. १९२.१६८.१०.१३०/२६ हा पत्ता कुठल्या सबनेटमधला? /२६ म्हणजे ६४-६४ चे तुकडे: ०, ६४, १२८, १९२. तेव्हा १२८ चं सबनेट, ब्रॉडकास्ट १९१, वापरता येणारे पत्ते ६२. हे कागदावर मांडून आलं तरच सबनेटिंग आलं.

खरा घोटाळा होतो तो तोच पेपर तिसऱ्यांदा सोडवताना. पहिल्यांदा ५८, मग ७९, मग ९५ टक्के. मुलगा खूश, घरचेही खूश. वाढलेल्या गुणांत नेटवर्किंग किती आणि ‘त्या लांबलचक प्रश्नाचं उत्तर क’ ही आठवण किती, हे त्यालाही सांगता येत नाही. पहिल्या फेरीचा आकडाच काय तो प्रामाणिक. त्यातही सिस्को उत्तीर्ण होण्याचे गुण जाहीर करत नाही, त्यामुळे ‘सरावात ८५ पडले की पास’ हा हिशेब क्लासच्या जिन्यावरचाच.

याच वाटेने पुढे गेलं की ‘डंप’ लागतात: परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून किंवा चोरून बाहेर काढलेले प्रश्न. सराव परीक्षा आणि डंप दिसायला सारखेच, पण परीक्षेला बसताना उमेदवार जो करार मान्य करतो त्यात डंपला मनाई आहे. पकडलं गेलं तर प्रमाणपत्र जातं आणि पुढच्या परीक्षांचं दारही बंद होऊ शकतं. शिवाय त्यांतली उत्तरं अनेकदा चुकीचीच असतात. चोरीचा माल, वर खोटा.

प्रश्नसंच जुना नाही ना, हेही पाहावं. २०२० साली अभ्यासक्रम बदलला तेव्हा ईआयजीआरपीचं कॉन्फिगरेशन वगळलं गेलं आणि ऑटोमेशन आत आलं. ऑगस्ट २०२४ पासूनच्या आवृत्तीत कृत्रिम बुद्धिमत्तेचाही उल्लेख आहे. गुणांचा सर्वांत मोठा वाटा, २५ टक्के, आयपी कनेक्टिव्हिटीचा, म्हणजे सुरुवातीच्या त्या राउटरचाच.

वेंडेल ओडम यांच्या प्रसिद्ध मार्गदर्शक पुस्तकांत प्रश्नमंजूषा प्रकरणाच्या आरंभीच येते, ‘हे तुम्हाला आधीच येतं का?’ अशा अर्थाची. परीक्षा शेवटी नव्हे, आधी. चुकलेला प्रश्न वहीत गेला की पुढची पायरी म्हणजे सिस्कोचं मोफत पॅकेट ट्रेसर उघडायचं, दोन राउटर जोडायचे, त्या दोन्ही वाटा टेबलमध्ये उतरवायच्या आणि पॅकेट जातं कुठे ते डोळ्यांनी पाहायचं. खऱ्या पेपरातही काही प्रश्न थेट कमांड देऊन सोडवायचे असतात. तिथे क आणि ड यांचा उपयोग नाही.

शेवटचे एक-दोन पेपर मात्र घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून द्यावेत, आणि मागे न वळता. सीसीएनएत एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परतता येत नाही. ‘अवघड ते शेवटी’ ही शाळेपासूनची सवय इथे नडते, आणि ती मोडायची जागा घरचं टेबल.

एवढं करूनही कोणी नापास झालाच, तर पुन्हा बसण्याआधी ५ दिवस थांबावं लागतं. हातात असतो तो निकालाचा कागद, विभागवार टक्केवारी दाखवणारा. बरेच जण तो घडी घालून बॅगेत टाकतात आणि पहिल्या पानापासून पुस्तक वाचायला घेतात. ३०० डॉलर मोजून सोडवलेल्या सराव पेपरचं विश्लेषण मात्र त्या घडीतच राहतं.