तीन सेकंद आणि पाव मिलिमीटर

22 ऑगस्ट 2018. इंडोनेशियातल्या पालेमबांगमध्ये आशियाई खेळांतली महिलांची 25 मीटर पिस्तूल फायनल. पाच-पाच गोळ्यांच्या दहा सिरीज संपल्या तेव्हा कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून यांची बरोबरी झाली होती, 34-34. शूट-ऑफ झाला, दोघींचे चार-चार. पुन्हा शूट-ऑफ. राहीचे तीन, नफास्वानचे दोन. आशियाई खेळांत वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी राही ही भारताची पहिली महिला नेमबाज ठरली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तिरंगा पांघरलेल्या राहीचे फोटो आले. ते रास्तच होतं. पण त्या आकड्यांत एक कोडं आहे, त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. आशियातल्या दोन सर्वोत्तम नेमबाज, आणि निर्णायक क्षणी पाचपैकी तीन नि पाचपैकी दोन? अंतर तर जेमतेम 25 मीटर. सोलापूरच्या पार्क स्टेडियमवरच्या खेळपट्टीच्या एका यष्टीपासून दुसऱ्या यष्टीपर्यंत जा आणि आणखी पाच मीटर चाला, झालं. मग एवढं चुकतं कुठे?

आधी घड्याळ पाहू. या फायनलमध्ये नेमबाज हात खाली, 45 अंशांच्या कोनात धरून उभी असते. सात सेकंद थांबायचं, मग हिरवा दिवा लागतो आणि तीन सेकंदांनी विझतो. तेवढ्यात हात वर आणायचा, स्थिर करायचा, एकच गोळी झाडायची. पुन्हा हात खाली, पुन्हा सात सेकंद. असं पाच वेळा झालं की एक सिरीज. दिवा दिसून स्नायूंना हुकूम पोचायलाच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. हात उचलण्यात सेकंदभर. उरलेल्या वेळात सगळा खेळ. शिवाय गोळी नुसती दहाच्या वर्तुळात पडून भागत नाही. 10.2 किंवा त्याहून सरस असेल तरच नेम धरतात, नाहीतर भोपळा. 10.1 आणि 5 यांत फरकच नाही. अशा हिशेबात पन्नासपैकी 34 म्हणजे उत्तम कामगिरी.

आता भूमिती. माझ्या मते या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट इथेच आहे. पात्रता फेरीच्या पहिल्या टप्प्यात, जिथे वेळ भरपूर असतो, दहाच्या वर्तुळाचा व्यास 50 मिलिमीटर असतो. म्हणजे मध्यापासून 25 मिलिमीटर, आणि अंतर 25 मीटर. गुणोत्तर एकास हजार. पिस्तुलावरची मागची खाच आणि पुढची माशी यांत जास्तीत जास्त 22 सेंटीमीटर अंतर ठेवता येतं. त्याचा हजारावा भाग म्हणजे 0.22 मिलिमीटर. माशी खाचेच्या मध्यापासून पाव मिलिमीटरही सरकली की गोळी दहाच्या कडेवर जाते.

उलट, खाच आणि माशी एका रेषेत ठेवून अख्खा हातच पाच मिलिमीटर उजवीकडे गेला तर? गोळीही पाच मिलिमीटरच उजवीकडे लागते. दहा गुण शाबूत! हात हलला तर चालतं, कोन मोडला तर चालत नाही. म्हणून प्रशिक्षक मुलींना पहिल्याच दिवसापासून सांगतात की लक्ष्याकडे पाहू नका, माशीकडे पाहा. डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर नीट जुळतं. माशी लख्ख दिसायची तर समोरचं काळं वर्तुळ धूसर दिसणारच, आणि ते धूसर राहू द्यायला शिकणं भल्याभल्यांना जड जातं. नवखी मुलगी खात्री करून घ्यायला शेवटच्या क्षणी लक्ष्याकडे डोकावते. तिथेच घात होतो.

गुरुत्वाकर्षणाचं काय, असं कुणी विचारेलच. गोळी सेकंदाला 300 मीटरच्या आसपास वेगाने निघते, 25 मीटर कापायला सेकंदाचा बारावा भाग घेते आणि तेवढ्यात साडेतीनएक सेंटीमीटर खाली येते. पण प्रत्येक वेळी तेवढीच खाली येते. साइट एकदा जुळवून घेतली की तो प्रश्न मिटला. निसर्गाचे ठरलेले नियम नेमबाजाला त्रास देत नाहीत, त्रास देतं ते स्वतःचं शरीर.

ट्रिगरचंच घ्या. नियमानुसार तो किमान एक किलो वजन पेलणारा असावा लागतो, आणि पिस्तुलाचं वजन 1400 ग्रॅमच्या आत. पिस्तूल एकाच हातात, मनगटाला कसलाही टेकू नाही. जवळपास पिस्तुलाच्या वजनाइतक्याच जोराने बोट मागे ओढायचं आणि पिस्तूल तसूभरही वळू द्यायचं नाही. जोर सरळ मागे न जाता किंचित बाजूला गेला तरी कोन बिघडतो. शिवाय हाताला स्वतःची थरथर असते, सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा. ती निरोगी माणसाचीच असते, कुठल्याही व्यायामाने जात नाही. त्यात हृदयाचा प्रत्येक ठोका हाताला बारीक धक्का देतो.

फिनलंडच्या संशोधकांनी 1987 मध्ये दाखवलं की मुरलेले नेमबाज नकळत दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात ट्रिगर दाबतात. तीन सेकंदांच्या फेरीत तशी वाट पाहायला सवड कुठली? म्हणूनच हृदयाची गती उतरवणाऱ्या बीटा ब्लॉकर औषधांवर या खेळात कडक बंदी आहे. उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूने 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाची दोन पदकं मिळवली आणि प्रोप्रॅनोलॉल सापडल्यावर दोन्ही गमावली. वेग वाढवणारी नाही, सावकाशपणा आणणारी उत्तेजकं! (त्यांना उत्तेजक तरी कसं म्हणावं?)

मेंदूचाही भाग आहे. 1984 मध्ये अमेरिकी संशोधक ब्रॅड हॅटफिल्ड आणि सहकाऱ्यांनी रायफल नेमबाजांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून पाहिलं. गोळी सुटण्याआधीच्या काही सेकंदांत, भाषा आणि विश्लेषणाशी जोडल्या जाणाऱ्या डाव्या बाजूच्या मेंदूत शांततेच्या अल्फा लहरी वाढत गेल्या. मनातली बडबड थांबते, असा त्याचा सोपा अर्थ लावतात.

राहीच्या वाट्याला शांतता सहज आली नाही. तेजस्विनी सावंतने 2006 च्या मेलबर्न राष्ट्रकुल खेळांत रायफलची सुवर्णपदकं आणली, त्या वाऱ्यात कोल्हापूरच्या ज्या मुली रेंजवर गेल्या त्यांतली ही एक. दिल्लीच्या 2010 च्या राष्ट्रकुल खेळांत पुण्याच्या अनिसा सय्यदबरोबर तिने जोडीचं सुवर्ण घेतलं. वैयक्तिक स्पर्धेत अनिसा पहिली, राही दुसरी. ग्लासगोत 2014 मध्ये क्रम उलटला. मधल्या काळात, 2013 मध्ये, कोरियातल्या चांगवानला राहीने विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं. मग कोपराची दुखापत आणि लांबलेली विश्रांती. परतल्यावर तिला घडवलं ते मुंखबायार दोर्जसुरेन यांनी. याच प्रकारात मंगोलियाकडून 1992 मध्ये आणि जर्मनीकडून 2008 मध्ये, म्हणजे सोळा वर्षांच्या अंतराने, त्यांनी ऑलिंपिक कांस्य मिळवलं होतं. पालेमबांगनंतर 2019 मध्ये म्युनिकचं विश्वचषक सुवर्ण आलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये मात्र राहीला फायनल गाठता आली नाही.

एक प्रश्न उरतो: जिथे ताकद निर्णायक नाही तिथे बायकांची स्पर्धा वेगळी का? 1976 मध्ये माँट्रियलला अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉकने पुरुषांच्या बरोबरीने खेळून रायफलचं रौप्य जिंकलं होतं. महिलांसाठी स्वतंत्र पिस्तूल स्पर्धा 1984 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाली आणि तिचंही पहिलं सुवर्ण शूट-ऑफवरच ठरलं. कॅनडाच्या लिंडा थॉमने ते घेतलं. त्यानंतर कितीतरी वर्षं 10 मीटर एअर पिस्तुलात पुरुषांना 60 गोळ्या आणि बायकांना 40. 2018 पासून दोघांनाही 60 आहेत. मधल्या काळातल्या त्या 20 गोळ्यांचं शास्त्रीय कारण मला तरी कुठे सापडलं नाही.

जिल्ह्याच्या गावांत सुरुवात होते ती याच एअर पिस्तुलाने. त्यात दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, आपल्या चटणीतल्या शेंगदाण्याएवढं. पण छर्रा दाबलेल्या हवेवर उडतो, त्याची ऊर्जा पाच-सहा ज्यूल. आपल्याकडे 20 ज्यूलपर्यंतच्या अशा हवेच्या शस्त्रांना परवाना लागत नाही आणि मोठ्या हॉलमध्ये रेंज बसते. पॉइंट टू-टू काडतुसांच्या 25 मीटर पिस्तुलाला परवाना लागतो, उघडी लांब रेंज लागते, गोळ्यांचा खर्च सोसावा लागतो. म्हणून ती पायरी बहुतेक मुली नंतर चढतात. तोवर सरावाचा मोठा भाग असतो तो ड्राय फायरिंगचा. छर्रा न भरता कोऱ्या भिंतीसमोर पिस्तूल धरायचं, ट्रिगर दाबायचा, आणि क्लिक झाल्यावर माशी खाचेच्या मध्यावरच आहे का, तेवढं पाहायचं.