कॅन्सर गेला, झोपही गेली

मावळातल्या वस्तीत कॅन्सरच्या रुग्णासाठी कशी धावपळ करायची, हे आपल्या कार्यकर्त्यांना आता पाठ झाले आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलची फाइल, रक्तदाते, योजनेचे कागद. उपचार संपले की आपणही निश्चिंत होतो. त्यानंतर कित्येक महिने रात्रभर कूस बदलत पडलेल्या उपासिकेची चौकशी मात्र कोणी करत नाही. कॅन्सर झालेल्यांमध्ये निद्रानाश इतरांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त आढळतो. किमोसोबतची स्टिरॉइड्स, हार्मोनच्या गोळ्यांमुळे रात्री अंगातून निघणाऱ्या वाफा, दुखणे आणि पुढच्या तपासणीची धास्ती ही त्याची नेहमीची कारणे.

कारण ओसरले तरी झोप परतत नाही, कारण तोवर सवयी बदललेल्या असतात. दुपारी भरपाई करायची, आठलाच अंथरूण धरायचे, घड्याळ बघत पडून राहायचे. सल्लत्थ सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे: एक शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्यावरून मनाने ओढवून घेतलेल्या दुःखाचा. 'आजही झोप नाही, आता आजार उलटणार' हा तो दुसरा बाण.

त्यावरच्या वर्तन-उपचाराला सीबीटी-आय म्हणतात. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. तो साधारण सहा ते आठ आठवड्यांचा असतो.

मराठीत झोप 'लागते', भूक-तहानेसारखी. दिवसभर काहीबाही खाणाऱ्याला जेवणाच्या वेळी भूक नसते, तसेच झोपेचे. म्हणून आधी नोंदवहीवरून खरी झोप किती होते ते काढतात. नऊ तास पडून साडेपाच तासच झोप होत असेल, तर काही दिवस अंथरुणात सहाच तास: रात्री साडेअकरा ते पहाटे साडेपाच. उठायची वेळ पक्की. पडून राहिलेल्या वेळातला ८५ टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की पंधरा मिनिटे वाढवायची. झोप येत नसेल तर उठून बसायचे. पहिले काही दिवस त्रासाचेच जातात, आणि पाच तासांखाली सहसा नेत नाहीत. अपस्मार किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी, तसेच वाहन चालवणाऱ्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये. चालू असलेली झोपेची गोळीही अचानक बंद करू नये.

या उपचाराला यंत्र लागत नाही. लागते ती नोंदवही आणि बोलणे, म्हणून तो फोनवरही देता येतो. अमेरिकेत स्पॅनिशभाषक रुग्णांना तो त्यांच्याच भाषेत दूरस्थ पद्धतीने देण्याचे प्रयत्न चालू आहेत. तिथल्याच तीनशेहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांवरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या जगण्याशी जुळवून घेतलेला ऑनलाइन अभ्यासक्रम साध्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त जणींनी पूर्ण केला. आपल्याला हे समजायला अवघड नाही. 'झोप आली नाही तर बेडरूमबाहेर जा' हा सल्ला एका खोलीत पाच माणसे झोपणाऱ्या घराला काय उपयोगाचा? तिथे उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसायची जागा ठरवावी लागेल. नवरा तळेगाव एमआयडीसीत रात्रपाळीला असेल, तर दार उघडायचे कोणी, हेही आधी ठरवावे लागेल.

भाज्याच्या सद्धम्म प्रदीप केंद्रात शिबिर केलेले तरुण विचारतील, मग आनापानसती पुरेशी नाही का? कॅनडात १११ कॅन्सर रुग्णांवर ही तुलना झाली, २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वर्तन-उपचाराचा गुण लवकर आला. सजगतेच्या सरावाचा हळूहळू, पण पुढच्या काही महिन्यांत तो बरोबरीला आला. म्हणजे ध्यान सोडायचे नाही. पण ध्यान करत असेल तर झोप यायलाच हवी, असे त्या थकलेल्या बाईला ऐकवणे निदान आपण तरी थांबवू या.

२०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते. तिथे हा पूर्ण अभ्यासक्रम मिळेलच असे धरू नये, पण सुरुवात करता येते. अक्षरओळख नसलेल्या आजीची नोंदवही रोज सकाळी नातवाने लिहावी: कधी पडली, अंदाजे कधी डोळा लागला, किती वेळा जाग आली, कधी उठली. दोन आठवड्यांच्या अशा नोंदी हाती असल्या की डॉक्टरांशी बोलणे नुसत्या 'झोप नाही'वर अडत नाही.